उन्हाळा, ओटा आणि फ्रीज

एप्रिल लागला की सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि मे महिन्यात ४३-४४ अंशांच्या दुपारीही कुणाला नवलाच्या वाटत नाहीत. या आकड्यावरून आपण उष्माघाताची चर्चा करतो, शाळांच्या वेळा बदलतो, उजनी धरणातल्या पाण्याचा हिशेब मांडतो. घरातल्या फ्रीजचा विचार मात्र सहसा कुणाच्या मनात येत नाही. खरे तर तो यायला हवा. घरगुती फ्रीज किती उष्ण हवेत चालावा यासाठी आंतरराष्ट्रीय मानकांत वर्ग ठरलेले आहेत. ‘एन’ वर्गाच्या फ्रीजसाठी बाहेरच्या हवेची मर्यादा ३२ अंश, ‘एसटी’साठी ३८ आणि सर्वांत उष्ण प्रदेशांसाठीच्या ‘टी’ वर्गाला ४३ अंश. सोलापूरचे मे महिन्यातले तापमान या शेवटच्या मर्यादेला जाऊन टेकते. पत्र्याच्या खोलीत, दुपारी, शेगडीच्या बाजूला उभा असलेला फ्रीज तर तिच्याही पलीकडे राबत असतो. मोटर थांबायचे नाव घेत नाही, मागची बाजू हात लावू देत नाही आणि आतली थंडी हळूहळू ढिली पडत जाते. बाटलीतले पाणी गार लागते, म्हणून घरच्यांना ते कळत नाही.

पाणी गार लागणे आणि अन्न सुरक्षित असणे यांत अंतर आहे. फ्रीजच्या आत ४ अंश किंवा त्याहून कमी तापमान हवे. दहा-बारा अंशांवरचे पाणीही उन्हातून आलेल्या माणसाला बर्फासारखे गार वाटते. पण त्याच कप्प्यातल्या आमटीतले जंतू त्या तापमानात सावकाश का होईना, वाढत राहतात. आतल्या बटणावरचे १ ते ७ हे आकडे म्हणजे अंश नव्हेत, ती थंडीची तीव्रता आहे. डिसेंबरात जिथे ठेवलेले बटण पुरते, ते मे महिन्यात पुरेलच असे नाही. फ्रीजमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर फार महाग मिळत नाही. पंधरा-वीस हजारांचे यंत्र घेताना तो कुणी मागत नाही आणि दुकानदारही सुचवत नाही.

या विषयावर लिहावेसे वाटते त्याचे कारण सोलापूरच्या स्वयंपाकात आहे. अन्न टिकवण्याची विद्या या जिल्ह्याला नवी नाही. कडक भाकरी हे तिचे पहिले उदाहरण. ज्वारीची पातळ भाकरी थापून, भाजून, तिच्यातले पाणी पार घालवून ती कडकडीत केली की आठवडेच्या आठवडे राहते, प्रवासात चालते. शेंगा चटणीचेही तेच. भाजलेले दाणे, तिखट, लसूण, मीठ; पाण्याचा थेंब नाही. कुरडया, सांडगे, पापड उन्हात खडखडीत वाळवले जातात. लोणच्यात मीठ, तेल आणि आंबटपणा रखवाली करतात. आंबिलीत आंबट झालेले ताकच राखण करते. जंतूंना वाढायला पाणी लागते, ऊब लागते आणि फार आंबट नसलेली जागा लागते. आपल्या आज्या-पणज्यांनी यातले पाणी काढून घेतले किंवा आंबटपणा वाढवला. ऊब काढून घेणे मात्र त्यांच्या हातात नव्हते. ते फ्रीजने शक्य केले. भारतीय बनावटीचा फ्रीज गोदरेजने १९५८ साली बाजारात आणला; सामान्य घरांत तो पोचायला पुढची कित्येक वर्षे गेली. कुंभारीच्या रे नगरात जानेवारी २०२४ मध्ये पंधरा हजार कामगार कुटुंबांना घरांचा ताबा मिळाला. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या अशा घरांत हप्त्याने घेतलेला फ्रीज ही आज चैन नाही. दोन पाळ्यांमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बाईचा तो आधार आहे. त्या आधाराची ताकद किती आणि मर्यादा कुठे, हे तिला कुणी सांगितलेले नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

फ्रीज अन्नाचे बिघडणे लांबवतो. बिघडायला लागलेले अन्न तो पूर्ववत करत नाही. सारा गोंधळ या एका गोष्टीवरून होतो. दुपारचा भात ओट्यावर संध्याकाळपर्यंत राहतो, मग आठवण झाली की फ्रीजमध्ये जातो आणि सकाळी ‘फ्रीजमध्येच होता की’ म्हणून निर्धास्तपणे बाहेर येतो. त्या भातावर ओट्यावरच्या सहा तासांत जे झाले ते झालेच. ५ ते ६० अंशांचा टप्पा अन्नासाठी धोक्याचा मानतात. त्यातही माणसाच्या अंगाएवढी ऊब जंतूंना सर्वांत मानवते आणि अनुकूल स्थितीत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. तीन तासांत एकाचे पाचशे बारा. म्हणून शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावे, असा जगभर सांगितला जाणारा नियम आहे. त्याच नियमाचे दुसरे अर्धे वाक्य सोलापूरकरांसाठी आहे: बाहेरची हवा ३२ अंशांवर असेल तर एकच तास. आपल्याकडे मार्च ते मे हे तीन महिने आणि जूनचे पाऊस नसलेले दिवस धरले, तर दुपारचा ‘एक तास’ हाच नियम, दोन तासांची सवलत हिवाळ्यापुरती.

भाताची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी देणे ही घरोघरची रीत आहे आणि ती बंद करावी असे आम्ही म्हणणार नाही. तांदळाबरोबर ‘बॅसिलस सेरियस’ नावाच्या जिवाणूचे बीजाणू येतात. भात शिजताना बाकीचे जंतू मरतात, हे कवचधारी बीजाणू टिकून राहतात. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि त्यांतले काही प्रकार असे विष तयार करतात की ते पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. कढईत मोहरी तडतडली, हळद पडली, भात वाफाळला, तरी ते विष भातातच राहते. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या सुरू होतात आणि दोष फोडणीच्या तेलाला किंवा उन्हाला दिला जातो. हातांवरून, नाकातून, बोटाच्या जखमेतून अन्नात उतरणाऱ्या ‘स्टॅफिलोकॉकस’चे विषही असेच उष्णतेला दाद देत नाही. ‘उकळून घेतलं की सगळं मरतं’ ही समजूत अर्धीच खरी आहे. जंतू मरतात, त्यांनी आधी करून ठेवलेले विष राहू शकते. फोडणीचा भात करायचाच असेल, तर रात्री जेवणे आटोपल्याबरोबर भात पसरट ताटात मोकळा करून निववावा आणि डब्यात भरून लगेच फ्रीजमध्ये ठेवावा. वास येत नाही म्हणून भात चांगला, ही परीक्षा पुरेशी नाही. आंबूस वास, तार, बुरशी ही नासण्याची चिन्हे आहेत; आजारी पाडणारे जंतू अनेकदा वास, चव, रंग काहीच बदलत नाहीत.

इथे एक जुनी शिकवण आड येते: गरम पदार्थ फ्रीजमध्ये ठेवू नये. उकळते पातेले आत ठेवले तर शेजारचे दूध-दही तापते आणि मोटरवर ताण येतो, हे खरेच. पण ‘पूर्ण गार झाल्यावर’ या अटीपायी सोलापूरच्या मे महिन्यात अन्न गार होतच नाही. खोलीचीच हवा ३६ अंश असेल तर आमटी त्याखाली उतरणार कशी? मोठ्या पातेल्याच्या मध्यभागी ऊब तासन्‌तास राहते. लग्नाघरून आलेले डबे, महाप्रसादाचा शिरा, आठवडी बाजाराच्या दिवशी मोठ्या प्रमाणावर रटरटलेली बाजार आमटी, हे सगळे मोठ्या भांड्यांतले पदार्थ आणि म्हणूनच जास्त जोखमीचे. उपाय सोपा आहे. उरलेले अन्न दोन बोटे खोलीच्या लहान, पसरट डब्यांत वाटावे, डबे थंड पाण्याच्या परातीत ठेवावेत, अधूनमधून ढवळावे. वाफ गेली, भांडे हाताला सोसवू लागले, की आत. कोमट डबा फ्रीज सोसतो. पाणी चार-पाच दिवसांआड येणाऱ्या शहरात परातभर पाणी वाया घालवा असे कुणी सांगू नये; ते पाणी भांडी विसळायला तसेच वापरता येते.

आत काय ठेवायचे, याइतकाच काय ठेवायचे नाही हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपले फ्रीज गच्च असतात. कप्प्यांमधून थंड हवा फिरायला जागा लागते. ती नसेल तर मागचा डबा गोठतो आणि पुढचा कोमट राहतो. आणि गर्दी कशाची असते? शेंगा चटणीची बरणी, लोणचे, मसाल्याच्या पुड्या, कांदे, बटाटे, केळी. यांतल्या बहुतेक वस्तूंना तिथे काम नाही. कोरडी शेंगा चटणी घट्ट झाकणाच्या बरणीत, कोरड्या चमच्याने वापरली तर बाहेर चांगली राहते. फ्रीजमधून वारंवार बाहेर काढल्याने तिच्यावर दमट हवेत ओल धरू शकते. तिचा शत्रू ओल आणि खवटपणा. ओले, बुरशी धरलेले दाणे तर मुळातच टाकून द्यावेत. त्यांवरच्या बुरशीचे विष भाजूनही पुरते जात नाही. उलट ओल्या नारळाची चटणी, जी सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आणि अक्कलकोटकडच्या कन्नड घरांत इडलीसोबत रोज होते, ती तासाभराच्या वर बाहेर राहू नये. चिरलेले कलिंगड, भिजवून उसळीसाठी मोड आणलेली कडधान्ये, मळलेली कणीक, पनीर, खवा, कच्चे मटण, मासे, शिजलेले सारे काही: फ्रीजमधली जागा यांची. पाण्याशिवाय टिकणाऱ्या पदार्थांनी ती अडवू नये.

दूध दारातल्या कप्प्यात ठेवण्याची सवयही बदलायला हवी. दार सतत उघडते, म्हणून फ्रीजमधला सर्वांत उबदार भाग तोच. पंढरपुरी म्हशीचे दूध असो की पिशवीतले, तापवून निवले की आतल्या कप्प्यात, मागे ठेवावे. कच्चे मटण-मासे सर्वांत खाली, झाकलेल्या खोलगट भांड्यात, म्हणजे त्यांचे पाणी कोशिंबिरीवर ठिबकणार नाही. शिजवलेले उरले तर तीन, फार तर चार दिवस. तेही आतले तापमान खरोखर ४ अंश असेल तर. थंडीत सगळेच जंतू थबकत नाहीत. ‘लिस्टेरिया’ फ्रीजच्या तापमानातही वाढतो आणि तो गर्भवतीच्या पोटातल्या बाळाच्या जिवावर उठू शकतो. घरात गरोदर बाई, तान्हे मूल किंवा म्हातारे माणूस असेल, तर शिळ्याचा हिशेब आणखी कडक ठेवावा. आपल्याकडे नेमके उलट घडते. सगळ्यांना ताजे वाढून घरातली बाई शिळे स्वतःच्या ताटात घेते, ती गरोदर असली तरी. हे थांबले पाहिजे.

आता गोठवण्याबद्दल. उणे १८ अंशांवर जंतूंची वाढ पूर्ण थांबते, पण ते मरत नाहीत. बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतात. त्यामुळे जे गोठवायचे ते ताजे असतानाच गोठवावे. दोन दिवस फ्रीजमध्ये राहून ‘आता संपत नाही’ म्हणून फ्रीझरमध्ये सरकवलेले मटण त्याच दोन दिवसांचे ओझे घेऊन आत जाते. दुसरी गोष्ट, प्रत्येक फ्रीझर उणे १८ चा नसतो. फ्रीझरच्या कप्प्यावर ताऱ्यांची खूण असेल तर एक तारा म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८, आणि चौथा तारा ताजे अन्न नीट गोठवण्याच्या क्षमतेचा. वीजबचतीच्या तारांकनाशी याचा काही संबंध नाही, दोन्हींची गल्लत होते. एकदारी फ्रीजमधला बर्फाचा कप्पा बहुधा बर्फ आणि आइस्क्रीम यांच्यापुरता असतो. त्यात महिनोन्‌महिने मटण साठवण्याची अपेक्षा धरू नये.

बकरी ईदला हा प्रश्न अनेक घरांत एकाच दिवशी उभा राहतो, आषाढात आणि जत्रांच्या दिवसांतही. मांस भरपूर, कप्पा लहान, आणि मोठी पिशवी तशीच आत कोंबली जाते. बाहेरचा थर गोठतो, मधला भाग रात्रभर कोमट. शिवाय सावकाश गोठताना बर्फाचे मोठे स्फटिक तयार होतात, ते मांसाचे तंतू फोडतात आणि सोडवल्यावर सगळा रस वाहून जातो. पंधरा-वीस लिटरच्या कप्प्यात चोवीस तासांत अर्धा ते पाऊण किलोहून जास्त नवे मांस गोठत नाही, हे लक्षात ठेवावे. एका वेळच्या कालवणापुरते वाटे करून, हवा काढून, चपट्या पिशव्यांत पसरून ठेवावेत आणि प्रत्येकावर तारीख लिहावी. बाकीचे त्याच दिवशी वाटावे किंवा शिजवावे. ईदच्या मांसाचे वाटे नातलगांना आणि गरजूंना देण्याची रीत आहेच. ती जितकी लवकर पार पडेल तितके फ्रीझरवरचे ओझे कमी.

गोठवलेले सोडवण्यात सर्वाधिक चुका होतात. सकाळी कामाला जाताना मटणाची पिशवी ओट्यावर काढून ठेवायची आणि संध्याकाळी शिजवायची, हे सोलापूरच्या उन्हाळ्यात करूच नये. आत बर्फ असतानाच बाहेरचा थर कित्येक तास चाळीस अंशांच्या हवेत राहतो. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात भांड्यात ठेवून दिले तर दुसऱ्या दिवसापर्यंत सुटते, पाणीही लागत नाही. घाई असेल तर घट्ट बांधलेली पिशवी थंड पाण्यात, अर्ध्या तासाने पाणी बदलत, आणि सुटताक्षणी चुलीवर. फ्रीजमध्येच सुटलेले मांस पुन्हा गोठवले तर धोका नाही, चव उतरते इतकेच. ओट्यावर सुटलेले पुन्हा आत टाकू नये.

फ्रीझरचे खरे सुख आपल्या शेतमालात आहे, ते फारसे कुणी घेत नाही. सांगोल्याच्या डाळिंबाचे दाणे ताटात सुटे पसरून गोठवावेत, मग पिशवीत भरावेत. चिकटत नाहीत, मूठभर काढता येतात. ओला हरभरा, तुरीचे दाणे, मटार हे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे घालून लगेच थंड पाण्यात काढावे आणि कोरडे करून गोठवावे. उकळीने दाण्यातली विकरे निष्क्रिय होतात. ती तशीच राहिली तर फ्रीझरमध्येही रंग आणि चव उतरत जाते. आमरस डब्यात काठोकाठ भरू नये. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि काचेची बाटली तडकते. उणे १८ ला नीट राहिलेले अन्न वर्षानेही विषारी होत नाही, पण शिजवलेल्या भाज्या-आमट्यांची चव दोन-तीन महिन्यांपलीकडे राहत नाही.

बर्फाबद्दल दोन वाक्ये. साठवणीच्या पिंपातल्या पाण्याचा बर्फ त्या पाण्याइतकाच स्वच्छ असतो, गोठल्याने शुद्ध होत नाही. लहान मुलांच्या सरबतासाठीचे पाणी उकळून मगच साच्यात घालावे. आणि रसवंतीवर, लस्सीच्या गाड्यावर पाहावे: खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळसर रंग देण्याचे बंधन अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये घातले आहे. निळी छटा असलेला बर्फ पेल्यात पडत असेल तर तो पेला घेऊ नये, तक्रार करावी.

मे महिन्यात वळीव येतो आणि तारा तुटतात, खांब झुकतात, वीज रात्रभर जाते. दार बंद ठेवले तर फ्रीजमधली थंडी साधारण चार तास पुरते; खच्चून भरलेला फ्रीझर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस. हे अंदाज मध्यम हवेचे आहेत, आपल्याकडे त्यातून वजावट धरावी. फ्रीझर रिकामा असेल तर त्यात पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात. वीज गेल्यावर त्याच थंडी धरून ठेवतात. वीज आली की पदार्थात बर्फाचे कण शिल्लक आहेत का पाहावे. असतील तर पुन्हा गोठवता येते. चार तासांहून जास्त गेले आणि दूध, मटण, शिजलेले अन्न कोमट लागले तर टाकावे, चव घेऊन पाहू नये. सुट्टीला गावी जाताना वाटीभर पाणी गोठवून त्यावर रुपयाचे नाणे ठेवून जावे. परतल्यावर नाणे वर असेल तर फ्रीझर गोठलेला राहिला. तळाशी असेल तर मधे सगळे वितळून पुन्हा गोठले आहे आणि त्यातले मांस खाण्याच्या लायकीचे नाही.

यंत्राचीही थोडी निगा लागते. भिंतीपासून वीतभर अंतर, उन्हापासून आणि शेगडीपासून दूर जागा, मागच्या जाळीवरची धूळ महिन्याने झाडणे. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढावा. सहज निघाला तर थंडी तिथून गळते आहे. कप्प्यात बोटभर बर्फ साचेपर्यंत थांबू नये आणि तो सुरीने खरवडू नये, कारण आतली नळी फुटते आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमधला वायू ज्वलनशील असतो. फ्रीज बंद करून बर्फ आपोआप वितळू द्यावा, पहाटेच्या वेळी. तोवर गोठलेल्या पिशव्या एकत्र बांधून जाड सोलापुरी चादरीत गुंडाळल्या तर तासभर सहज निभावतात.

दुकानांकडूनही एक अपेक्षा आहे. सोलापुरात फ्रीज विकताना रंग, लिटर आणि हप्ता सांगितला जातो. मागच्या पाटीवर छापलेला हवामानाचा वर्गही सांगितला जावा, आणि ‘टी’ वर्गाखालचा फ्रीज या जिल्ह्यात विकताना गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट बजावले जावे. महावितरण नोंदवलेल्या मोबाइलवर वीज बंद ठेवण्याची सूचना पाठवते. आपला क्रमांक नोंदवलेला नसेल तर उन्हाळ्यापूर्वी नोंदवावा, म्हणजे बंदच्या आदल्या रात्री बाटल्या गोठवता येतील. आरोग्य विभागाच्या आशाताई गरोदर बायकांच्या घरी जातातच. लोहाच्या गोळ्यांची चौकशी करताना त्यांनी दुपारचा भात कधी आत गेला, हेही विचारावे.